आईच्या तोंडी उरलेले शब्द

आमच्या घरात शिवी नव्हती. आज लिहिताना हे सोपं वाटतं, पण उमरीला कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत ज्यांनी दिवस काढलेत त्यांना विचारा. सकाळी नळावर घागरी लागल्या की पहिला आवाज शिवीचाच यायचा. बैलाला शिवी, बकरीला शिवी, उशिरा आलेल्या पाण्याला शिवी आणि लाडात आलेल्या लेकराला तर सगळ्यात गोड शिवी. त्याचं कोणाला वाईट वाटत नसे. भाजीत मीठ टाकावं तशी माणसं बोलण्यात शिवी टाकायची. आमचा उंबरा ओलांडला की मात्र ती बंद. आईने कोणाला तसं बजावलं नव्हतं. पण आमच्याकडे येणारी बाई दारात चप्पल काढताना जीभही जरा आवरून घ्यायची, आणि चुकून एखादा शब्द सुटलाच तर आईकडे बघून "चुकले बाई" म्हणायची.

आईचं नाव दया. चर्चच्या मंडळीत सगळे तिला दयाबाई म्हणत. उमरीत ख्रिस्ती घरं थोडी, चर्च म्हणजे पत्र्याच्या छताची एक लांब खोली, आणि पाळकसाहेब नांदेडहून महिन्यातून एक-दोनदा येत. एरवी उपासना चालवायचे ते पंच शमुवेलकाका, आणि मुलांची रविवारची शब्बाथ शाळा घ्यायची ती आई. ती आम्हाला ओरडून कधी शिकवत नसे. "बोलायच्या आधी देवाला ऐकवून बघ," ती सांगायची. "त्याच्यासमोर लाज वाटली तर मानसासमोरबी बोलू नको." आम्ही मुलं डोळे मिटून देवाला काय काय ऐकवत होतो कोण जाणे, पण त्या खोलीत तेवढा वेळ भांडण होत नसे, एवढं मला आठवतं.

बाबांचं नाव सिमोन. ते जिनिंगमध्ये कामाला होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाची पांढरी लव बसलेली असायची. यंत्रांच्या आवाजाने त्यांना ऐकू कमी यायचं, आणि ऐकू कमी येणारी माणसं बहुधा बोलतातही कमी. मंडळीत ते शेवटच्या रांगेत बसत. साक्ष द्यायला, प्रार्थना करायला ते कधी उभे राहिले नाहीत. त्यांचं सगळं बोलणं आई बोलायची. पाहुण्यांना चहा विचारणं, उधारी मागायला आलेल्या दुकानदाराला उद्या या म्हणणं, माझ्या शाळेत जाऊन मास्तरांना भेटणं, सगळं तिचं. बाबा नुसते बाजूला उभे असत आणि मान हलवत. मी त्यांची एकुलती. घरात तिघंच, आणि तिघांत मिळून बोलणारी एक.

आईला राग यायचा नाही असं मात्र नव्हतं. राग आला की ती ज्वारी पाखडायला बसायची. सूप पुढे ओढायची, आणि मग त्या दाण्यांचा फटाफट आवाज. सुपाच्या आवाजावरून मला कळायचं की आज नळावर कोणी काहीतरी बोललंय, किंवा मीच काहीतरी केलंय. आवाज हळूहळू मऊ व्हायचा. मग ती उठून चूल पेटवायची, अंबाडीच्या भाजीला लसणाची फोडणी द्यायची, आणि झालं ते तिथेच संपायचं. रविवारी चर्चहून आल्यावर ती सुशीला करायची. भिजवलेले मुरमुरे, कांदा, शेंगदाणे, वरून लिंबू. दुपारी गल्लीतल्या, मंडळीतल्या बाया यायच्या. त्यातली एखादी चुलीपाशी बसून दार अर्धं लोटायला सांगायची आणि मग आतून हलका आवाज, मध्येच हुंदका. त्या गेल्यावर मी विचारायची, "काय झालं गं?" आई म्हणायची, "तिचं तिच्यापाशी." बस, एवढंच. बाबांनी तर कधी विचारलंही नाही.

एक गोष्ट मला लहानपणी खटकायची. सगळ्यांना आजोळ होतं, मला नव्हतं. आईचं माहेर हिमायतनगरचं. फार लांब नाही, पण आम्ही तिकडे कधी गेलो नाही. विचारलं की ती म्हणायची, "तिथं आता कुनी न्हाई." मी ते खरं मानलं. आणि खरं म्हणजे मला आजोळाची फार गरजही वाटली नाही, कारण आई भरपूर होती.

ज्या सकाळी ते झालं तेव्हा मी शाळेत जायला निघाले होते. आत भाकरी थापणं चालू होतं. काटवटीवर पिठाच्या हाताचा थाप-थाप असा तो आवाज, ज्याच्याकडे आपण कधी लक्ष देत नाही. तो मध्येच थांबला. मला वाटलं, तव्यावर टाकली असेल. पण पुढची थाप आलीच नाही. जाऊन बघते तर आई भिंतीला कलली होती, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, उजवा हात पिठात तसाच पडला होता. तव्यावरची भाकर करपत होती. मी ओरडले. मला आठवतं की मी आधी भाकर उतरवली आणि मग तिला धरलं. असं का केलं, मला आजही सांगता येणार नाही.

नांदेडला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. "तिला सगळं समजतं," ते बाबांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले. "बोलणं मात्र तिच्या हातात राहिलेलं नाही. काही येईल, काही येणार नाही." बाबांनी मान हलवली. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, पेशंटची माणसं जमिनीवर, डब्यांचा वास, स्टोव्हचा आवाज. आई बरेच दिवस नुसती बघत पडली होती. मग एके दुपारी बाबा तिच्यावर वाकले आणि म्हणाले, "दया, मी हाय." तिने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ओळख आली, माया आली, तिने डाव्या हाताने त्यांची बाही धरली, ओठ हलवले, आणि अगदी स्पष्ट, अगदी मऊ आवाजात म्हणाली, "भाडखाव."

शेजारच्या खाटेवरची माणसं हसली. बाबांना नीट ऐकू आलं की नाही कळलं नाही, ते तसेच वाकलेले राहिले. पण आईला ऐकू आलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने डावा हात बाबांच्या बाहीवरून काढला आणि स्वतःच्या तोंडावर ठेवला. मग हात काढून पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. या वेळी आलं, "मुडदा बशिवला." घाबरून ती परत परत बोलत राहिली, जणू त्या शब्दांच्या मागे तिचे शब्द अडकलेत आणि हे पुढचे बाजूला सारले की ते येतील. पण ते दोनच होते. येत होते ते दोनच.

मी पुढे आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं. लकव्याचे कितीतरी पेशंट पाहिले. वाचा गेलेल्या माणसाच्या तोंडी एखादी शिवी, एखादं गाणं, एखादी प्रार्थनेची ओळ तेवढी राहून जाते, हे मला आता माहीत आहे. नातेवाईक लाजून पेशंटचं तोंड दाबायला लागले की मी त्यांना बाजूला घेऊन सांगायची, ह्यात त्याचा दोष नाही. ते मान हलवायचे, पण त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं की त्यांना ते पटलेलं नाही. आम्हाला तर तेव्हा हे सांगणारंही कोणी नव्हतं.

आम्ही उमरीला परत आलो तेव्हा मंडळीतल्या बाया भेटायला आल्या. चांगल्या मनाने आल्या, हे मला लिहिलंच पाहिजे. कोणी पेज आणली, कोणी मोसंबी. शमुवेलकाकाही आले. खाटेभोवती सगळे उभे राहिले, काकांनी डोळे मिटून लांब प्रार्थना केली, दयाबाईंच्या सेवेबद्दल देवाचे आभार मानले, तिच्या गोड वाणीचा खास उल्लेख केला. शेवटी सगळे "आमेन" म्हणाले. आईलाही आमेन म्हणायचं होतं. तिने मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "मुडदा बशिवला."

मग एका बाईने आपल्या लेकराच्या कानावर हात ठेवले. मी घाईघाईने सांगायला लागले की डॉक्टर म्हणालेत, तसं होतं, तिला तसं म्हणायचं नाही. माझं बोलणं कोणाच्या कानात शिरलं नाही. चहा झाला होता. पण कप तसेच राहिले, चहावर साय धरली. एक-एक करून सगळे सलाम करून उठले. जाताना काका दारात बाबांना म्हणाले, "प्रार्थना करू, सिमोन." आवाज पहिल्यासारखा नव्हता.

त्यानंतर आमच्याकडे येणं थांबलं. कोणी ठरवून थांबलं असेल असं मला वाटत नाही. नळावर मी दिसले की बाया विचारायच्या, "आई कशी हाय?" मी म्हणायची, "बरी हाय." मग त्या घागर उचलून निघायच्या. माझी शाळा सुटली होती, कारण बाबा जिनिंगला गेले की आईजवळ मीच. वर्गातल्या मुली सुरुवातीला यायच्या, नंतर परीक्षा आली आणि त्या यायच्या बंद झाल्या. दुपारी गल्ली सामसूम असायची. स्टेशनावर गाडी थांबल्याचा, निघाल्याचा आवाज यायचा. ज्या चुलीपाशी बाया रडायला बसायच्या तिथे मी एकटी भात शिजवायची. मला बोलायचं खूप असायचं, पण बोलायचं कोणाशी? आई ऐकायची, पण उत्तर द्यायला तोंड उघडलं की तिचाच चेहरा उतरायचा, म्हणून मग मीही विचारायचं सोडून दिलं. एका घरात दोन बायका दिवसभर, आणि आवाज फक्त भांड्यांचा. मी त्या वयात एकटेपणा हा शब्द कुठे वाचला असेल नसेल, पण तो मी पायातल्या चपलेसारखा रोज वापरत होते.

मग शमुवेलकाका एका संध्याकाळी बाबांना भेटायला आले. मी आत आईला भरवत होते, मधल्या दाराला नुसता पडदा. काका हळू बोलत होते, पण बाबांना ऐकू यावं म्हणून त्यांना आवाज चढवावाच लागत होता. "पंच कमिटीत बोलणं झालं," ते म्हणाले. "लेकरं असतात. उपासनेला बाईला आणू नको सध्या."

बाबांनी काकांकडे पाट सरकवला.

"वाईट वाटून घेऊ नको. पण लोक विचारून राहिले, सिमोन. मानसाच्या मनात असतं तेच तोंडात येतं. शास्त्र तेच सांगतं. इतकी वरीस आपण हिच्या तोंडाकडं बघत होतो. आत काय होतं कुनाला ठाव? एक उपदेशक हायेत, ते हात ठेवून प्रार्थना करतात. अशुद्ध काही असंल तर निघून जाईल."

मी आईकडे बघितलं. तिच्या तोंडाशी धरलेला भाताचा घास तसाच होता. तिने तोंड मिटून घेतलं होतं. मग तिने डाव्या हाताने पदर ओढला, त्याचं टोक गोळा करून दातांत धरलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून ती पदर दातांत धरून राहू लागली. जागी असेपर्यंत. भरवायला गेलं की मान हलवायची. मी रागावले, विनवलं, रडले. कधी दोन घास घ्यायची, पण घेताना तिचे डोळे दाराकडे असायचे आणि घास गिळला की पुन्हा पदर दातांत. गालांची हाडं वर आली. बांगड्या हातातून घसरायला लागल्या, त्या मी काढून ठेवल्या. मला तिची खरी भीती वाटायला लागली ती तेव्हा. लकव्याने ती मरणार नव्हती. काकांनी जे म्हटलं ते तिला पटलं होतं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं की बोलणं आधी देवाला ऐकवून बघ, ती आता देवालाही तोंड दाखवत नव्हती.

बाबांनी हे सगळं पाहिलं. शनिवारी संध्याकाळी कामावरून आले, भुवयांवरचा कापूस झटकला आणि म्हणाले, "एस्तेर, उद्या तिला चांगलं लुगडं नेसव."

सकाळी त्यांनी गल्लीतल्या भाजीवाल्याचा हातगाडा मागून आणला. त्यावर गोधडी अंथरली, आईला उचलून बसवलं. तिने पदर दातांत घट्ट धरला आणि नको नको म्हणून मान हलवली. बाबांनी ते बघितलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गाडा ओढायला लागले. मी मागून धरला होता. सगळी उमरी बघत होती असं मला वाटलं. खरं तर रविवारी सकाळी रस्त्यावर असतं कोण! चर्चच्या दारात शमुवेलकाका उभे होते, आत पहिलं गीत चालू होतं. आम्हाला बघून गीत विस्कळीत झालं आणि मग थांबलं.

"सिमोन, आपलं बोलणं झालं होतं," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, अवघडलेपण होतं.

बाबांनी गाडा टेकवला. कपाळ पुसलं. "शमुवेल, मला लई बोलता येत न्हाई," ते म्हणाले, आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाचा तो मोठा, सपाट आवाज आतपर्यंत गेला. "जिंदगीभर माझं बोलणं हिनंच बोललं. आज माझं ऐकून घ्या. मग घरी जा म्हणलं तर जातो."

आतली माणसं दाराशी जमली.

"मी हिला बघायला हिमायतनगरला गेलो होतो. हिचा बाप अंगणात बसला होता, प्यालेला. ही पाणी घेऊन आली. तांब्या कलंडला, जरासं पाणी सांडलं. त्यानं पाव्हण्यांसमोर हिला जे म्हणलं ते मी देवाच्या दारात बोलत न्हाई. तुमाला ठाव हाय. ते ऐकून तुम्ही चहा टाकून उठलात. तेच. दोनच शब्द होते त्याचे, हिला हाक मारायचे. जल्मल्यापासून हिनं आपलं नाव म्हणून तेच ऐकलं."

मी आईकडे बघायचं धाडस केलं नाही. आजोळ का नव्हतं ते मला त्या दारात कळलं.

"बाप्तिस्मा घेतला तवा हिनं ठरवलं. मला एकदाच बोलली होती. म्हणली, हे माझ्यापर्यंत आलं, माझ्यापुढं जाणार न्हाई. न्हाई गेलं. मला न्हाई, लेकराला न्हाई, गोठ्यातल्या बकरीला न्हाई. रोज गिळत होती. आता गिळायचं बळ ऱ्हायलं न्हाई, तर तुम्ही म्हणून राहिले की हिच्या मनात घाण होती." त्यांना धाप लागली. इतकं सलग ते कधी बोलले नसावेत. "मनात असतं तेच तोंडात येतं म्हणता. बरं. तुमच्या बायका, तुमच्या आया आमच्या चुलीपाशी बसून रडून गेल्या. मी त्याच घरात ऱ्हातो. मला आजवर एका घराचं कळालं न्हाई. आता हिच्या तोंडाला ताबा न्हाई, कडी न्हाई. तरी तुमच्यातल्या एकाचं तरी गुपित बाहेर पडलं का? पडलं असंल तर सांगा. इथनंच माघारी नेतो."

बाबांचं म्हणणं डॉक्टरांपुढे टिकलं नसतं, हे मला आता समजतं. तिला गुपितं सांगायची असती तरी सांगायला शब्द सापडले नसते. पण त्या दारात उभ्या असलेल्या कोणाच्याही मनात डॉक्टर नव्हता. मी बघितलं, दोन-तीन बायांनी माना खाली घातल्या. एकीने पदराने डोळे टिपले. शमुवेलकाकांच्याही घरातलं कोणीतरी आमच्या चुलीपाशी बसून गेलं असेल का, हे मला माहीत नाही, आणि आईने ते कळण्याची सोय ठेवली नव्हती. मग काका वळले, दाराची दुसरी फळी बंद होती ती त्यांनी उघडली, आणि गाड्याचं दुसरं टोक धरलं.

उपासना झाली. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने सगळा वेळ पदर दातांतून सोडला नाही. गीतं झाली, प्रार्थना झाल्या, ती डोळे मिटून बसली. मला आशा होती की काहीतरी होईल, ती सगळ्यांबरोबर प्रभूची प्रार्थना म्हणेल, लोक थक्क होतील. तसं काही झालं नाही. शेवटी सगळे एकमेकांना सलाम करायला लागले आणि आमच्याभोवती मोकळी जागा राहिली. माणसांना यायचं असावं, पण पहिलं कोण येणार?

मग मंजुळाबाई आल्या. म्हाताऱ्या, कंबरेत वाकलेल्या, चर्च झाडणाऱ्या. त्या आईसमोर खाली बसल्या, तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "सलाम गं दया." आईने त्यांच्याकडे बघितलं. पदर तोंडातून सुटला आणि डोळ्यांतून पाणी वाहत असताना ती म्हणाली, "भाडखाव. भाडखाव."

मंजुळाबाईंनी मान हलवली. "हाव गं माय," त्या म्हणाल्या. "हाव. मलाबी तुझी लई आठवन येत होती."

त्या दुपारी आई जेवली. वरणात कुस्करलेली भाकर, मी भरवून थकेपर्यंत.

सगळं बदललं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मंजुळाबाई येत राहिल्या, आणखी एक-दोघी येऊ लागल्या. पुढच्या रविवारी शमुवेलकाकांनी आईसाठी भिंतीपाशी एक खुर्ची ठेवलेली होती. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. काहींनी मात्र आपली मुलं उपासनेला आणणं सोडलं ते सोडलंच. दुपारी गल्ली तशीच सामसूम राहिली. फरक पडला तो घरात. आई पुन्हा बोलायला लागली, तेच दोन शब्द, पण आता शंभर तऱ्हांनी. पाणी हवं असलं की वेगळं, बाबा उशिरा आले की वेगळं, मी केस नीट विंचरले नाहीत की वेगळं. मला तिचा प्रत्येक सूर ओळखता यायला लागला. आणि बाबा! ते संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून जिनिंगमधलं सगळं सांगायचे, कोणाचं यंत्र बिघडलं, कोणाची सोयरीक जमली. इतक्या वर्षांचं साठलेलं असावं.

लातूरला माझ्या घराच्या खालच्या मजल्यावर आता क्लासची पोरं भाड्याने राहतात. दिवसभर मोबाइलवर बोटांनी बोलत असतात. आमच्या मंडळीचाही तसा ग्रुप आहे. त्यावर सकाळी वचनं येतात आणि दुपारपर्यंत कोणाच्या सुनेबद्दल, कोणाच्या हिशेबाबद्दल काहीबाही. सगळं शुद्ध मराठीत, एकही शिवी नसते. वाचताना मला कधीकधी उमरीचं ते दार आठवतं. मी उत्तर देत नाही. मोबाइल पालथा घालते आणि स्वयंपाकाला लागते. स्वयंपाक एकटीचाच, लवकर आटपतो.

आईला लकवा झाला त्याच्या पुढच्या वर्षी मी बाहेरून परीक्षा दिली आणि लातूरला नर्सिंगला नंबर लागला. आईला सोडून जायचं नव्हतं. पण बाबा म्हणाले, मंजुळाबाई दिवसा येतील, तू जा. निघायच्या दिवशी ते आईला त्याच हातगाड्यावर बसवून एसटी स्टँडपर्यंत घेऊन आले. नांदेडची गाडी लागली. मी आईसमोर वाकले. तिने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि भर स्टँडवर, मोठ्याने, एकेका शब्दावर जोर देत म्हणाली, "मुडदा बशिवला. मुडदा बशिवला."

लोक वळून बघायला लागले. गाडीत माझ्या शेजारी एक पोक्त बाई बसली होती. ती म्हणाली, "कोन गं ती? लेकराला वाटंला लावताना असं बोलतंय का कुनी?"

"माझी आई हाय," मी म्हणाले. "नीट जा म्हणून राहिली. जेवत जा म्हणून राहिली."

बाईने माझ्याकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला खिडकीशी सरकू दिलं. गाडी हलली. आई अजून बोलत होती, बाबा तिच्याबरोबर हात हलवत होते. गाडीच्या घरघरीत मला आवाज ऐकू येत नव्हता, नुसते ओठ दिसत होते, आणि मग वळणावर तेही दिसेनासे झाले.

नांदेडला गाडी बदलली. लातूरला उतरले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, रिक्षावाले हाका मारत होते, माणसं एकमेकांना शोधून बोलावत होती. सगळा स्टँड बोलत होता, आणि त्यातला एकही शब्द माझ्यासाठी नव्हता.